सुपातल्या गोळ्या

आमचे यादोमामा दुकानातून काड्यापेटी घेत तेव्हा एक काडी तिथंच ओढून पाहत. पेटली की दुकानदाराला म्हणत, एक तर पेटली, बाकीच्यांचा भरोसा कोण देणार? माझ्या लग्नात सासरच्यांनी दिलेला पितळी हंडा त्यांनी भर मांडवात बोटानं वाजवून पाहिला होता. आवाज चांगला खणखणीत आला तरी त्यांचा चेहरा काही खुलला नाही. ते माझ्या आईचे थोरले भाऊ. मी त्यांच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होतो, त्यामुळे त्यांच्या संशयाचा पहिला प्रसाद बहुतेक मलाच मिळे. मी चिडायचो, भांडायचो, आणि संध्याकाळी पुन्हा त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसायचो.

स्वभाव असा का झाला, हे त्यांचं काम पाहिलं की कळे. आमचं गाव सौंदडपासून सायकलनं जाण्याएवढं जवळ. गावाला जुना तलाव आहे. मामांच्या कोहळी जातीतल्या पूर्वजांनी पार, म्हणजे मातीचा बांध, घालून तो बांधला. तलावातून पाणी सोडायच्या दाराला आमच्याकडे तुडुम म्हणतात. ते कधी उघडायचं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी किती वेळ चालू द्यायचं, हे ठरवायचं काम मामांच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या होतं. धानाचं पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जातं. वरच्यानं धुरा, म्हणजे मधला बांध, चार बोटं चढवला की खालचा कोरडा. धान निसवायच्या दिवसांत सख्खे भाऊ एकमेकांचं पाणी वळवतात आणि सकाळी देवाची शपथ घेतात. असल्या लोकांत जन्म काढल्यावर माणूस काड्यापेटीवरसुद्धा विश्वास ठेवणार नाही.

पण एक सांगतो, मामांनी स्वतः कधी पाणी खाल्लं नाही. तलाव अर्धाच भरला असेल त्या वर्षी गावाचा एक नेम होता. कोणाची बांधी पुरती भिजवायची नाही आणि कोणाची पुरती कोरडी ठेवायची नाही. आहे त्या पाण्यात सगळ्यांना अर्धं अर्धं. हा नेम मामांनी स्वतःच्या शेतालाही लावला. त्यांच्या बांधीतलं धान डोळ्यांदेखत पोचट राहिलं, पण त्यांनी तुडुमाला हात लावला नाही.

त्यांनी एकदाच अन्याय केला, आणि तोही संशयापायी. गावातल्या बौद्ध मोहल्ल्यातले दसाराम शहारे यांचं शेत पाटाच्या अगदी शेवटी होतं. एका अपुऱ्या वर्षी तलाव हिशेबापेक्षा लवकर उतरला. मामांनी ठरवून टाकलं की दसारामनं पार फोडून पाणी चोरलं. पुरावा काही नव्हता. भर सभेत त्यांनी दसारामची पाळी त्या हंगामापुरती बंद केली, आणि त्या घराचं धान वाळून गेलं. उन्हाळ्यात पारीची डागडुजी करताना खेकड्यांनी पोखरलेली ही मोठी बिळं सापडली. पाणी तिथूनच गेलं होतं. मामांनी बिळं चिखलानं बुजवून घेतली आणि एवढंच म्हणाले, "हे खेकडे अठी कोनं आनून सोडले ते पाहा लागन."

दसाराम पुढं काही वर्षांनी वारले. त्यांच्या मागं पार्वताबाई आणि मुलगी रंजिता राहिल्या. मामा आणि पार्वताबाई रस्त्यात समोरासमोर आले तर मामा आभाळाकडे पाहत आणि त्या खाली.

दोन हजार नऊ साली मामांचा घास अडकायला लागला. आधी भाकरी अडकली, मग भात. मामांना मामीवर संशय, की भात कच्चा ठेवते. मामी, म्हणजे मनकर्णाबाई, त्यांच्याइतक्याच फटकळ. त्यांनी भाताचं पातेलं मामांपुढं आदळलं आणि स्वतः शिजवून घ्यायला सांगितलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरानं दुर्बीण घालून पाहिलं आणि नागपूरला धाडलं. अन्ननलिकेचा कॅन्सर, पुढं गेलेला. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घोटून आयुष्य गेलं होतं, त्याचं हे फळ.

नागपूरच्या दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो होतो आणि समोरून रंजिताच्या हाताला धरून पार्वताबाई आल्या. तोच आजार. त्या जन्मभर गुडाखू लावत, दातांना तंबाखूचं ते काळं मलम चोळल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नसे. मामांनी मान वळवून माझ्या कानात विचारलं की ही आपल्या मागावर आली का. मी म्हणालो, हो मामा, कॅन्सर करून घेऊन आली. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सलाईनमधून द्यायची औषधं दोघांना दिली. दोघांचे केस गेले, गाठी मात्र राहिल्या. रंजिताला अंगणवाडीतून सुट्टी मिळेना, म्हणून पार्वताबाईंना मीच मामांबरोबर एसटीनं न्यायला लागलो. मामा खिडकीशी, मधे मी, पलीकडे पार्वताबाई. साकोली गेली, भंडारा गेला, तरी दोघांत शब्द नसे. पार्वताबाईंनी रंजिताच्या हातची पेज डब्यात आणलेली असे, मामांच्या डब्यात मामीच्या हातची पेज. दोघं एकाच वेळी डबा उघडत आणि दोघं एकाच वेळी खोकत.

मग एक दिवस अल्का मॅडमनी दोघांना एकत्र बोलावलं. या तरुण डॉक्टर, बोलायला स्वच्छ. त्यांनी सांगितलं की आपल्याकडची नेहमीची औषधं आता संपली. एक नवी गोळी आली आहे, तिच्यावर अभ्यास चालू आहे. अभ्यासात येणाऱ्या अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळते आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती ते कॉम्प्युटर ठरवतो. नव्या गोळीचा उपयोग होतो की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही, ते कळावं म्हणूनच हा खटाटोप. खऱ्या गोळीनं तोंडावर पुरळ येऊ शकतं, जुलाब होऊ शकतात. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नाही आलात तरी दवाखाना तुम्हाला सोडणार नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माह्या डब्बीत कोनची गोळी आहे हे तुले मालूम आहे का?"

"नाही काका. मलाही सांगत नाहीत."

"तं मंग तुडुम कोनाच्या हाती आहे?"

अल्का मॅडमना तुडुम कळेना. मी समजावून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या की काका, कोणाच्याच हाती राहू नये म्हणून तर असं केलंय. मामांना ते मुळीच पटलं नाही. ज्या पाण्याचा धनी दिसत नाही ते पाणी नक्की कोणाच्या तरी शेतात चोरून जातं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. घरी येईपर्यंत त्यांनी दहा तर्क काढले. पैसेवाल्यांना खरी देत असतील. नागपूरवाल्यांना खरी देऊन आम्हा खेड्यातल्यांना चुना देत असतील. गावात त्याहून भारी तर्क निघाले. कोणी म्हणालं उंदरासारखं माणसावर करून पाहतात, कोणी म्हणालं किडनी काढतात. किडनीची गोष्ट मात्र मामांनी मोडून काढली. ती काढायची असती तर गळ्याचे फोटो कशाला काढले असते, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी ते अभ्यासात गेले ते संशयापोटीच. "आवळा देऊन कोहळा काढाचा धंदा आहे हा," मला म्हणाले. "पन माहा कोहळा तं सडलाच आहे. काढू दे. मी पाहातो कसा काढते." आणि दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण मला दिसत होतं. पार्वताबाई अभ्यासात गेल्या होत्या. तिला मिळावं आणि आपल्याला मिळू नये, हे त्यांना झेपलं नसतं.

मामा मरणाला भीत नव्हते, हे मी त्यांच्याबरोबर इतका प्रवास करून सांगतो. सौंदडच्या बसथांब्यावर ते आपल्या तेराव्याच्या जेवणाबद्दल बोलत, कोणता आचारी सांगायचा आणि तो किती तेल चोरेल याबद्दल. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. आपण फसून मरू नये. पार्वताबाईंचं वेगळं. त्यांना जगायचं होतं, आणि त्याहूनही जास्त त्यांना भात खायचा होता. पेज पिऊन पिऊन त्यांना पेजेचा वासही नकोसा झाला होता. बसमध्ये शेजारच्यानं डबा उघडला की त्या माझ्यापलीकडे पाहत राहत.

दोघांना सारख्या डब्या मिळाल्या, पिवळ्या गोळ्यांच्या. मामांनी आपली एक गोळी हुंगली, चाटली, नखानं खरवडली. काही कळलं नाही.

पहिल्या महिन्यातच पार्वताबाईंच्या चेहऱ्यावर पुरळ उठलं. नाक, गाल, कपाळ, सगळं लाल दाणेदार. मामांचा चेहरा साफ. मामा खूश झाले. त्यांच्या मते हिला विष मिळालं आणि आपण वाचलो. मी आठवण दिली की मॅडमनी पुरळ खऱ्या गोळीचं सांगितलंय. मामा म्हणाले, मॅडम सांगेल ते उलटंच असणार, नाही तर ती सांगेल कशाला.

दुसऱ्या खेपेला बसमध्ये पार्वताबाईंनी डबा उघडला. त्यात मऊ भात होता, वर भाजीचा रस्सा. त्यांनी एक घास घेतला, हळूहळू चावला आणि गिळला. मग दुसरा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या जेवत होत्या. मामांची पेज हातात तशीच राहिली. भंडारा येईपर्यंत त्यांनी तिला तोंड लावलं नाही. त्या दिवसापासून त्यांचा संशय उलट्या दिशेनं वाहायला लागला. खरं पाणी तिकडं चाललंय, आपली बांधी कोरडी आहे. आरशात पाहून पाहून ते गालावर दाणा शोधत. एकदा डास चावला तर दिवसभर आशेवर होते.

आणि मग त्यांना ते सुचलं, जे आमच्या गावातल्याच माणसाला सुचावं. एके संध्याकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं की उद्या सकाळी पार्वताच्या घरी जायचं. हे अपुरं साल आहे. अपुऱ्या सालाचा नेम लावायचा. दोघांच्या गोळ्या एकत्र करायच्या आणि अर्ध्या अर्ध्या वाटून घ्यायच्या. डब्यांत मोजून तेवढ्याच राहतील, म्हणजे नागपूरला कोणाला पत्ता लागणार नाही.

मी भडकलो. मी सांगितलं की मामा, औषध म्हणजे पाणी नव्हे. अर्ध्या पाण्यात धान कसं पोचट राहतं ते मी तुम्हाला सांगायचं का? मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोचट का होईना, हिरवं तं राह्यते." पालथ्या घड्यावर पाणी. वर मला आईची शपथ घातली की मॅडमच्या कानावर घालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा जन्मात पहिल्यांदा पार्वताबाईंच्या अंगणात गेले. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली खाट. रंजितानं पाण्याचा गडवा पुढं केला. मामा म्हणाले, गिळवत नाही. गिळवत नव्हतं हे खरं, पण तेच खरं कारण होतं की दुसरं, ते मला आजही सांगता येत नाही. मग त्यांनी एकदम मुद्द्याला हात घातला.

"पार्वता, अपुरं साल आहे. पानी तुह्या बांधीत चालू आहे, माही कोरडी आहे. गावाचा नेम तुले मालूम आहे."

रंजिता दारातूनच कडाडली. "माह्या बापाचं पानी बंद केलं तवा हा नेम कुठी गेलता, मामाजी?"

 मामा खाटेच्या दोरीकडे पाहत बसले. मला वाटलं आता उठतील आणि विषय संपेल, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. पण पार्वताबाई मुलीला म्हणाल्या, "सूप आन."

रंजिता हलली नाही. तेव्हा त्या स्वतः उठल्या, भिंतीला टेकवलेलं सूप आणलं, आपली डबी त्यात रिकामी केली. मामांनी कोटाच्या खिशातून आपली काढली. पिवळ्या गोळ्या सुपात पसरल्या. पार्वताबाईंनी तांदूळ कालवावे तशा त्या हातानं कालवल्या. मग एक इकडं, एक तिकडं असं करत दोन्ही डब्या पुन्हा भरल्या. पुढं प्रत्येक महिन्याला नागपूरहून आलं की असंच होत राहिलं. रंजिता त्या वेळी घरात थांबत नसे.

 त्या पहिल्या दिवशी परत येताना मामा तलावाच्या पारीवर थांबले. मला वाटलं त्यांना काही बोलायचं असेल, दसारामबद्दल, त्या वर्षाबद्दल. ते म्हणाले, "इतक्या लवकर हो काऊन म्हनली? तिच्याच खोट्या असतीन का रे?" माझ्या पायांतली चप्पल काढून त्यांना हाणावी असं मला वाटलं. देव माणसाला आजार देतो, सोबत थोडी अक्कल द्यायला काय हरकत आहे?

काही आठवड्यांत मामांच्या कपाळावर पहिले दाणे आले. काय त्यांचा आनंद! चौकात, छोटेलालच्या दुकानात, जो भेटेल त्याला ते कपाळ दाखवत. वयात आलेल्या पोराला मिसरूड फुटल्याचा होत नाही एवढा त्यांना त्या मुरुमांचा अभिमान. त्यांना एक-दोन घास मऊ भातही जाऊ लागला, किंवा तसं ते म्हणत. मामी म्हणत की घास आत जातो आणि मागच्या अंगणात ओकारीतून बाहेर येतो.

तिकडं पार्वताबाईंचं तोंड साफ होत चाललं होतं. बसमधला त्यांचा डबा पुन्हा पातळ झाला. आधी भात अगदी मऊ झाला, मग नुसता रस्सा, मग पेज. मी मामांना ते दाखवलं. मामांनी तिकडं पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. मग म्हणाले की बायका सोंग करतात. पण त्या दिवशी त्यांनी स्वतःचाही डबा उघडला नाही.

अल्का मॅडम काही आंधळ्या नव्हत्या. पुढच्या तपासणीला त्यांनी मामांचं कपाळ पाहिलं, मग पार्वताबाईंचे गुळगुळीत गाल पाहिले, आणि खुर्ची पुढं ओढून विचारलं की गोळ्या रोज घेता ना, स्वतःच्याच घेता ना. मामांनी ताकास तूर लागू दिली नाही. उलट तेच चढले. म्हणाले की तुमच्याच डब्यांत गडबड झाली असेल, नावं बदलली असतील, इकडची तिकडं गेली असेल. मॅडमचा चेहरा पडला. त्या खरंच डब्या तपासायला उठल्या. माझ्या घशाशी शब्द आले होते आणि आईची शपथ आडवी पडली होती.

"त्यायची चूक नाही बाई," पार्वताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसत चालला होता. "आमी एका सुपात टाकून वाटून घेतो."

"का मावशी?"

"आमच्या गावचा नेम आहे."

"हे कोणी सुरू केलं?"

मामा फरशीकडे पाहत होते. पार्वताबाई म्हणाल्या, दोघांनी.

अल्का मॅडम रागावल्या. आवाज न चढवता रागावल्या, ते जास्त लागलं. त्यांनी सांगितलं की तुम्ही आपलं नुकसान केलंच, पण या गोळीच्या आशेवर देशभर जी माणसं आहेत, त्यांना मिळायचं उत्तरही गढूळ केलं. अर्ध्या गोळीनं गाठ थांबत नाही. मग त्यांनी पार्वताबाईंचा हात हातात घेतला आणि काही वेळ सोडला नाही. तपासात पार्वताबाईंची गाठ वाढलेली निघाली. मामांची तर थांबलीच नव्हती. नियमानं दोघांचीही गोळी बंद झाली. वरून परवानगी घेऊन मॅडमनी मला नंतर फोनवर सांगितलं, ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. खरी गोळी पार्वताबाईंच्या डबीत होती. मामांच्या डबीत नुसता चुना.

मी विचारलं की त्यांनी पूर्ण घेतली असती तर वाचल्या असत्या का. मॅडम म्हणाल्या, वाचल्या नसत्या, आणखी किती दिवस भात खाल्ला असता हे मात्र मला सांगता येत नाही. मी फोन ठेवला आणि मला मामांचा इतका राग आला की दोन दिवस त्यांच्या ओसरीकडे फिरकलो नाही.

गेलो तेव्हा मामा निम्मे झाले होते. फसवणूक झाली नव्हती. कॉम्प्युटरनं चोरी केली नव्हती, मॅडमनी केली नव्हती, पार्वतानं केली नव्हती. उरलं होतं कोण, ते त्यांना दिसत होतं. पण त्याहूनही एक गोष्ट त्यांना आतून पोखरत होती. तिनं दिलं का? पुरळ तिलाच आलं होतं, भात तिलाच गेला होता. आपली डबी खरी आहे हे तिला माहीत असणारच. मग दिलं का? गावात नाव व्हावं म्हणून? माझ्यावर ओझं ठेवायला? दसारामच्या नावानं काही सूड होता का, आणि असला तर सुडात आपलंच औषध कोण वाटतं? त्यांचं गणित जुळेना. मामी वैतागून म्हणाल्या, "तिनं देल्लं, तुमी घेतलं. आता विचारून काय ओकून देता?"

तरी एके दुपारी ते मला घेऊन पार्वताबाईंकडे गेलेच. त्या खाटेवर आडव्या होत्या. रंजितानं मामांकडे पाठ केली, पण घराबाहेर काढलं नाही. मामा खाटेशेजारी जमिनीवर बसले. एवढं बोलायलाही त्यांना दम लागत होता.

"तुह्या मालकाचं पानी मी बंद केलतो. चोरी त्यानं नव्हती केली, खेकड्यायनं केलती. मले मालूम होतं. तरी तू मले अर्ध्या देल्ल्या. काऊन देल्ल्या?"

पार्वताबाईंनी डोळे उघडले. 

"तुमी मेले असते तं हा भूपेंद्र मले एकटीले कायले नेते नागपूरले?" त्या म्हणाल्या. "भाचा तुमचा. तुमी होते म्हनून मोटारीत माही जागा होती. माह्या मतलबासाठी देल्ल्या, यादोभाऊ."

मामांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. कितीतरी दिवसांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "हां," ते म्हणाले. "मतलब होता." मग त्यांनी रंजिताकडे हात केला आणि पाणी मागितलं. ते एक घोटही नीट उतरलं नाही, हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं, पण त्यांनी गडवा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. घरी येताना माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होते आणि तरी जवळजवळ आनंदात होते. घरी गेल्या गेल्या मामींना सांगितलं, मी म्हणत नव्हतो, फुकट कोणी कोणाला काही देत नाही.

पार्वताबाई धान कापणीच्या आधी गेल्या. मामा त्यांच्या मातीला आले, लोकांच्या मागं उभे राहिले, शेवटपर्यंत थांबले.

आता जे सांगतो ते मामांना ठाऊक नव्हतं. मामांनी गोळ्या वाटायचा बेत मला सांगितला त्याच संध्याकाळी मी एकटा पार्वताबाईंकडे गेलो होतो. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मामा उद्या मागायला येतील, देऊ नका. वर हेही सांगितलं की माझ्याकडे पाहून भीड धरू नका, मामा राहोत न राहोत, तुम्हाला नागपूरला मीच नेणार, हा माझा शब्द आहे.

"मले मालूम आहे बाबू, तू नेशीनच," त्या म्हणाल्या. "पन त्याले येऊ दे."

मामा त्याच थंडीत गेले. जाईपर्यंत जो भेटायला येई त्याला सांगत की पार्वता मतलबी होती, पण बाई सरळ होती, मतलब तोंडावर सांगितला. मी शेजारीच बसलेला असे. मी त्यांचं बोलणं एकदाही खोडलं नाही.